घड्याळं जुळवायचं काम, लालबागच्या पतपेढीतल्या नोंदी

७ जुलै २०२५, सोमवार

पतपेढीचं कॉम्प्युटरचं सगळं काम माझ्याकडे असतं, म्हणजे प्रिंटर अडकला तरी मी आणि मंगळवारी नेट गेलं तरी मीच. आज फोन आला तो वेगळाच. एका आजींनी शुक्रवारी दहा हजार भरले असं त्यांचं म्हणणं, पावती साडेनऊ हजारांची. पाचशेचा फरक. मॅनेजर मॅडमनी कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग काढलं, पावतीवर वेळ ११:२०, आणि रेकॉर्डिंगमध्ये ११:२० ला काउंटर दोनवर कोणीतरी भलताच माणूस लाइट बिलाबद्दल भांडतोय. आजी कुठेच नाहीत. आजींचा मुलगा म्हणाला, बघा, रेकॉर्डिंगच बदललंय. आवाज चढले.

मी मोबाइल हातात घेऊन सगळ्या घड्याळांसमोर फिरलो. काउंटर दोनचा पीसी ४ मिनिटं मागे. डीव्हीआर (कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणारा डबा) १७ मिनिटं पुढे. काउंटर एक ५० सेकंद पुढे, मॅडमच्या केबिनमधला टॉवर (ज्याला सगळे सर्व्हर म्हणतात) २ मिनिटं मागे, अंगठ्याचं हजेरीचं मशीन ६ मिनिटं मागे. हॉलमधल्या भिंतीवरच्या घड्याळाबद्दल बोलतच नाही.

मग साधी बेरीज. पावती ११:२० म्हणजे खरे ११:२४, त्यात डीव्हीआरचे १७ मिळवले की ११:४१. तिथे नेलं तर आजी आल्याच समोर, छत्री काउंटरला टेकवून. काउंटरवरच्या काकू नोटा मोजतात, एक नोट परत देतात (चिकटपट्टी लावलेली होती, काकूंना आता आठवलं), आजी ती नोट पासबुकाच्या प्लॅस्टिकच्या कव्हरात सरकवतात. आजींनी तिथल्या तिथे पासबुक काढलं, नोट कव्हरातच होती. मुलगा सॉरी म्हणाला, चहा झाला.

चहा पिताना मॅडम म्हणाल्या, हे सगळं एकाच वेळेवर आणायला काय लागेल? मी म्हटलं फार नाही, एक छोटा बॉक्स आणि माझे दोन-तीन दिवस. आता वाटतंय तीन दिवस बोलायला नको होतं.

८ जुलै, मंगळवार

घरी बसून जरा विचार केला. एवढा फरक पडतो कशाने? तर प्रत्येक मदरबोर्डवर एक छोटा क्वार्ट्झचा तुकडा असतो, ३२,७६८ हर्ट्झचा, हातातल्या स्वस्त घड्याळात असतो तसलाच. तो गरम-थंड झाला की थोडा पुढे-मागे पळतो. दहा लाखात २० इतकी चूक असली (आणि ती काही वाईट क्वालिटी नाही) तरी दिवसाला पावणेदोन सेकंद होतात. डीव्हीआर लॉफ्टवर आहे, वर पत्रा, खाली राउटरची गरमी, त्याची दिवसाला दोन सेकंद धरली तर दीड वर्षाच्या आतच १७ मिनिटं जमतात. आणि तो बसवल्यापासून त्याच्या घड्याळाला कोणी हात लावलेला नाही, म्हणजे हिशोब बरोबर बसतो.

पीसी विंडोज ७ वर आहेत (हो, माहितीये, मला शिव्या घालू नका, सॉफ्टवेअरवाला अपग्रेड करू देत नाही). ते आपणहून नेटवरून वेळ विचारतात पण आठवड्यातून एकदाच, आणि त्या क्षणी नेट नसलं की मग राम भरोसे.

ठरलं असं: एक रास्पबेरी पाय ४ (तळहाताएवढा कॉम्प्युटर, पुढे नुसता 'पाय') ठेवायचा, त्यावर क्रोनी (घड्याळ जुळवणारं सॉफ्टवेअर) टाकायचा, त्याने बाहेरून वेळ घ्यायची आणि आत सगळ्यांनी त्याला विचारायचं. बाहेरून म्हणजे दिल्लीच्या एनपीएलकडून, राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा, आपल्या देशाची प्रमाणवेळ तीच सांभाळते, अणुघड्याळावर. शिवाय एनआयसीचे, म्हणजे सरकारच्या राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राचे, समय नावाचे सर्व्हर. नाहीतरी २८ एप्रिल २०२२ च्या सर्ट-इनच्या (सायबर सुरक्षेची सरकारी संस्था) निर्देशात कंपन्यांनी, डेटा सेंटरवाल्यांनी वगैरे याच दोघांपैकी एकाशी किंवा त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरशी घड्याळ जुळवावं असं आहेच, मग आपणच वेगळं काही का करा.

९ जुलै, बुधवार

लॅमिंग्टन रोड. पाऊस इतका की ग्रँट रोड स्टेशनपासून दुकानापर्यंत पँट गुडघ्यापर्यंत ओली. पाय, कार्ड, केस, अॅडॅप्टर घेतला. दुकानदाराने जीपीएसचं मॉड्यूल पण दाखवलं, उपग्रहातून थेट वेळ, एका पिनवर दर सेकंदाला ठोका येतो, त्याच्याशी जोडला तर पाय मायक्रोसेकंदात चालतो. हात शिवशिवले. घेतलंही. पण पतपेढीला मायक्रोसेकंद घेऊन करायचंय काय, तिथे पिग्मी एजंट अर्धा तास उशिरा आला तरी चालतं. मॉड्यूल घरी राहील, बिलात धरलेलं नाही.

१० जुलै, गुरुवार

पाय बसवला. काउंटरमागच्या बोर्डावर एक सॉकेट रिकामा होता तिथेच लावला (ही ओळ लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे). क्रोनी चालू केल्यावर पाच मिनिटांत बाहेरचे चारही सर्व्हर दिसायला लागले.

मॅडमनी विचारलं, दिल्लीहून वेळ इथे येईपर्यंत ती शिळी नाही का होत? प्रश्न एक नंबर आहे. आपण चिठ्ठी पाठवतो त्यावर निघायची वेळ, तिकडे पोचल्याची वेळ ते लिहितात, परत पाठवायची वेळ ते लिहितात, इकडे आल्याची आपण लिहितो. चार वेळा मिळाल्या की जायला-यायला किती लागलं ते निघतं, आज इथे ३८ मिलिसेकंद येतंय, त्याचं निम्मं १९ धरून घड्याळ लावायचं. यात एक गोम आहे, जायला आणि यायला सारखाच वेळ लागतो असं गृहीत धरलेलं असतं. चर्चगेटला जाताना फास्ट मिळाली आणि येताना स्लो, तर एकूण वेळेचं निम्मं करून काही खरं कळत नाही. म्हणजे जायला ३० आणि यायला ८ लागले तर ११ मिलिसेकंदांची चूक राहणारच आणि ती आपल्याला इथे बसून दिसणारही नाही. मॅडम म्हणाल्या, अकरा मिलिसेकंद चालतील.

ही सगळी युक्ती डेव्हिड मिल्स नावाच्या माणसाची. अमेरिकेत डेलावेअर विद्यापीठात होते, १९८५ मध्ये एनटीपीचा (नेटवर्कवरून घड्याळ जुळवायच्या या पद्धतीचं नाव) पहिला कागद त्यांनी लिहिला आणि पुढे कित्येक वर्षं तेच सांभाळत बसले. २०२४ च्या जानेवारीत गेले. आज जगातला जवळजवळ प्रत्येक फोन-लॅपटॉप त्यांच्याच हिशोबावर किंवा त्याच्या एखाद्या धाकट्या भावावर चालतो, आणि आपल्याला नावही माहीत नसतं.

मग पीसी. आधी राउटरमध्ये डीएचसीपीच्या (राउटर सगळ्या मशीनना पत्ते वाटतो ती सोय) ४२ नंबरच्या ऑप्शनमध्ये पायचा पत्ता टाकला, म्हटलं सगळे आपोआप घेतील. तासभर वाट बघितली, एकानेही घेतला नाही. विंडोज तो ऑप्शन बघतच नाही. मग प्रत्येक मशीनवर जाऊन हाताने. पहिल्या पीसीवर एरर, वेळेचा डेटाच मिळाला नाही म्हणे. वायर बघितली, फायरवॉल बघितला, एनटीपीचा १२३ नंबरचा पोर्ट बघितला, शेवटी कळलं की क्रोनी स्वतःचं घड्याळ जुळवतो पण दुसऱ्याला वेळ देत नाही, 'अलाउ' लिहून आपलं नेटवर्क सांगावं लागतं. मी ते लिहिलंच नव्हतं. लिहिलं, लगेच झालं.

आठवड्याचे ६०४८०० सेकंद होते ते रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगमध्ये) ३६०० केले, म्हणजे तासातून एकदा. आणि पीसी चालू होताच एकदा सक्तीने जुळवायची कमांड टास्कमध्ये टाकली. अजून एक ओळ क्रोनीत घातली, 'लोकल स्ट्रॅटम १०', म्हणजे नेट गेलं तरी पायने आपली आहे ती वेळ सगळ्यांना देत राहावं. खूप शहाणपणा वाटला होता तेव्हा.

११ जुलै, शुक्रवार

डीव्हीआर. मेनूत एनटीपी आहे, पायचा पत्ता टाकला, ओके दाबलं आणि घड्याळ अडीच तास पुढे! म्हणजे दुपारी दोनला साडेचार. दहा मिनिटं डोकं खाजवलं. टाइम झोन बघितला तर जीएमटी अधिक ८, कारखान्यातून आला तसाच. बसवणाऱ्याने झोन न बदलता नुसते काटे फिरवून आपली वेळ लावली होती. एनटीपीवरून नेहमी यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ येते, झोन ज्याचा त्याने मिळवायचा, म्हणून आजपर्यंत झाकलेली चूक आज उघडी पडली. साडेपाच केला, बसलं.

मॅडमना एक सांगून ठेवलं, ११ तारखेच्या आधीचं रेकॉर्डिंग असेल तर त्यावर दिसणाऱ्या वेळेतून १७ मिनिटं वजा करायची. त्यांनी ते डीव्हीआरवर कागद चिकटवून लिहून ठेवलं, स्केचपेनने.

हजेरी मशीनला एनटीपी नाहीच. ते आपल्या सॉफ्टवेअरकडून वेळ घेतं, सॉफ्टवेअर टॉवरवर, टॉवर आता बरोबर, म्हणून रोज सकाळी एकदा ढकलायचं लावलं. पिग्मी एजंटांची हातातली मशीन सकाळी टॉवरला जोडतात तेव्हाच वेळ घेतात, म्हणजे आजवर सगळ्या एजंटांच्या पावत्या दोन मिनिटं मागे छापल्या जात होत्या.

संध्याकाळी संचालक मंडळातले एक काका आले होते, ऐंशी पार. घड्याळांचं काम चाललंय म्हटल्यावर म्हणाले, अरे आमच्या लहानपणी मुंबईचं घड्याळच वेगळं होतं. खरंय ते. प्रमाणवेळ लागू झाली १ जानेवारी १९०६ ला पण मुंबईने आपला बॉम्बे टाइम १९५५ पर्यंत सोडला नाही, प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे. काका म्हणे, घरी वडील विचारायचे, कुठले नऊ?

१६ जुलै, बुधवार

आज माझी पुरती लाज गेली.

नऊ वाजून दहा मिनिटांनी काकूंचा फोन. "अरे काय करून ठेवलंयस, मशीन काल संध्याकाळचे साडेसहा दाखवतंय आणि एंट्री घेत नाहीये, डे-एंड झालेला आहे म्हणतंय." (डे-एंड म्हणजे त्या दिवसाचा हिशोब बंद.) मी ट्रेनमध्ये. म्हटलं कुठलं मशीन? म्हणे सगळी.

पोचलो तेव्हा रांग दरवाजाबाहेर जिन्यापर्यंत. तिन्ही काउंटर, टॉवर, डीव्हीआर, सगळ्यांवर अगदी सेकंदासकट सारखी वेळ, आणि ती कालची. आधी हाताने वेळ लावून काउंटर सुरू केले (पायची वायर उपटून), मग शोधायला बसलो.

झालं होतं असं. शिपाई मामा रोज शटर ओढायच्या आधी मेन स्विच बंद करतात, मागे एकदा शॉर्टसर्किट झालं होतं तेव्हापासून. डीव्हीआर आणि राउटरची लाइन वेगळी, ती चालू असते. माझा पाय काउंटरच्या बोर्डावर, म्हणजे तो रोज रात्री मरतो. पाय ४ मध्ये बॅटरीवरचं घड्याळच नसतं, तो तासातून एकदा, सतराव्या मिनिटाला, कार्डावर वेळ लिहून ठेवतो आणि उठला की तिथून पुढे चालू करतो. काल मेन बंद झालं ७:१० ला, शेवटची लिहिलेली वेळ ६:१७. इतके दिवस सकाळी उठल्याबरोबर नेटवरून बरोबर वेळ मिळत होती म्हणून कोणाला कळलं नाही. काल रात्रीच्या पावसात बिल्डिंगची नेटची लाइन गेली. आज ८:५० ला मामांनी मेन चालू केलं, पाय उठला, त्याच्या मते संध्याकाळचे ६:१७, विचारायला बाहेर कोणी नाही, आणि मीच लिहून ठेवलेलं, काही झालं तरी वेळ देत राहा. त्याने दिली. पीसींच्या स्वतःच्या घड्याळात बरोबर वेळ होती, ती पुसून त्यांनी ही घेतली, कारण सक्तीने घ्या असंही मीच लिहिलेलं.

सगळ्यात चीड कशाची आली माहितीये? विंडोज १५ तासांपेक्षा जास्त फरक असला तर वेळ घ्यायला नकार देतो, ५४००० सेकंद. इथे फरक होता १४ तास ३३ मिनिटं. मामा अर्धा तास उशिरा आले असते किंवा आज सोमवार असता तर एकाही पीसीने ऐकलं नसतं. आणि सॉफ्टवेअरने डे-एंड झालेल्या तारखेत एंट्री नाकारली म्हणून वाचलो, नाहीतर आजच्या सगळ्या पावत्या कालच्या तारखेला पडल्या असत्या आणि ऑडिटरसमोर मला उभं केलं असतं.

आधी सगळी घड्याळं वेगवेगळी चुकत होती, त्यामुळे निदान संशय तरी यायचा. मी त्यांना एकमताने चुकायला शिकवलं.

आणि ती 'लोकल' वाली ओळ लागतच नव्हती! क्रोनी एकदा बाहेरच्याशी जुळला की मध्ये नेट गेलं तरी तो क्वार्ट्झचा वेग ओळखून असतो, तेवढ्यावर चालवत राहतो आणि वेळ देतही राहतो. ती ओळ फक्त एकाच वेळी उपयोगी पडते, जेव्हा उठल्यापासून त्याला कोणीच खरी वेळ सांगितलेली नसते. तेव्हा तर त्याने गप्प बसायला हवं. ओळ काढली. आता असं झालं तर पाय उत्तर देणार नाही, पीसी आपापल्या घड्याळावर चालतील, दोन सेकंद इकडेतिकडे, काय बिघडतं.

मामा येऊन म्हणाले, "अहो, मेन बंद करायचं नव्हतं का? सांगायचं ना." मामांचं काय चुकलं, मीच बघितलं नाही बोर्ड कुठल्या लाइनवर आहे ते.

१७ जुलै, गुरुवार

पुन्हा लॅमिंग्टन रोड. डीएस३२३१ चं आरटीसी मॉड्यूल (बॅटरीवर चालणारं घड्याळ) घेतलं, यात क्वार्ट्झ तापमान बघून स्वतःला सावरतं, दहा लाखात २ ची चूक, म्हणजे वर्षाला जेमतेम एक मिनिट. एक सांगतो, हे स्वस्त निळं बोर्ड येतं त्यात बटण सेलला चार्ज करणारं सर्किट असतं आणि दुकानदार सोबत देतो साधा सीआर२०३२, जो चार्ज करायचा नसतोच. फुगतो. मी चार्जिंगच्या वाटेवरचा रेझिस्टर डागणीने काढून टाकला मगच सेल घातला.

पाय डीव्हीआरच्या लाइनवर हलवला, यूपीएससकट. मग मामांना सांगून मेन पाडलं, नेटची वायर काढली, पायचीही पिन उपटली, दहा मिनिटांनी सगळं चालू केलं. पायची वेळ बरोबर, पीसींना उत्तर नाही, पीसी आपल्या वेळेवर. वायर लावली, दोन मिनिटांत जुळले. हे मी १० तारखेलाच करून बघायला हवं होतं.

२१ जुलै, सोमवार

काउंटर तीन जुळत नाही. तारीख १ जानेवारी २००९. ब्राउझर एकही साइट उघडत नाही, सर्टिफिकेट चुकीचं म्हणतो (साहजिक आहे, त्याच्या मते ती सर्टिफिकेटं अजून जन्मालाच यायचीत). विंडोज सांगतो फरक फार मोठा आहे, जुळवणार नाही. तोच १५ तासांचा नियम, आज शहाण्यासारखा वागला. कॅबिनेट उघडलं, मदरबोर्डवरचा सेल मीटरवर २.१ व्होल्ट, नवा ३ च्या वर असतो. चाळीस रुपयांचा सेल. बाकीच्या मशीनचेही बदलून टाकले, एवीतेवी धूळ काढायची होतीच.

२९ जुलै, मंगळवार

जे होईल असं डोक्यातही नव्हतं ते झालं. हजेरी मशीन सहा मिनिटं मागे होतं ना, ते बरोबर झाल्यापासून अर्ध्या स्टाफला लेट मार्क लागायला लागले. तीन लेट मार्क म्हणजे अर्धी रजा. काकू बदलापूरहून येतात, त्यांची गाडी वर्षानुवर्षं ठरलेली, ती गाडी पकडली की अंगठा बरोबर साडेनऊच्या आत, म्हणजे मशीनच्या साडेनऊच्या आत, खऱ्या ९:३५ ला. आता त्याच गाडीने रोज उशीर. आधीच्या गाडीला चढायला मिळत नाही. "पाचशे रुपयांचा हिशोब लावलास तो ठीक आहे," मला म्हणाल्या, "पण माझी रजा का खातोस?" यावर मी काय बोलणार. मी मॅडमकडे बोट दाखवलं, मॅडमनी माझ्याकडे.

१ ऑगस्ट, शुक्रवार

मॅडमनी तोडगा काढला. मशीनची वेळ बरोबरच राहील, पण सॉफ्टवेअरमध्ये साडेनऊनंतर ६ मिनिटांची सवलत अधिकृतपणे टाकली, नोटीस बोर्डावर सही-शिक्क्यासकट. जुलैचे लेट मार्क माफ. काकूंनी मला वडापाव खायला घातला.

५ ऑगस्ट, मंगळवार

शेवटचं मोजमाप. पायचा बाहेरच्या वेळेशी फरक १ मिलिसेकंदाच्या आत (ते चर्चगेट फास्ट-स्लोचं सोडून, म्हणजे कागदावर एवढा). पीसी ५ ते २० मिलिसेकंद, विंडोज ७ कडून याहून जास्त अपेक्षा नाही. डीव्हीआर सेकंदाच्या आत, हजेरी मशीन दिवसाअखेर एक सेकंद. मॅडमनी स्केचपेनचा कागद अजून काढू दिलेला नाही, जुनं रेकॉर्डिंग पुसलं जाईपर्यंत राहू दे म्हणाल्या, तेही बरोबरच.

निघताना स्टूल घेऊन हॉलमधलं भिंतीवरचं घड्याळ लावायला चढलो, ते दहा मिनिटं पुढे आहे. मामांनी स्टूल धरलं पण घड्याळाला हात लावू देईनात. "ते राहू द्या. लोक ते बघून लवकर आटपतात, मला शटर वेळेवर ओढता येतं." उतरलो. बिल दिलंय, पाय आणि आरटीसीचे वेगळे, १६ तारखेचा दिवस लावलेला नाही.